हडपसर ते हिंजवडी एक्स्प्रेस बस: रेघ मारण्याआधी काय मोजायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हडपसर भागातल्या काही सोसायट्या मिळून पीएमपीएमएलकडे (पुणे-पिंपरीची शहर बससेवा) हिंजवडीसाठी एक्स्प्रेस बस मागणार आहेत. साध्या बसला गर्दीच्या वेळी दोन तास लागतात. साठ थांब्यांऐवजी पंधरा-सोळाच ठेवले तर तासाभरात पोचता येणार नाही का? बस कोणत्या रस्त्याने न्यावी, आणि अर्जात काय लिहावं?

तासाभरात होणार नाही. मात्र दीड तासात, आणि पावसाळी सोमवारीसुद्धा दीड तासातच पोचणारी बस करता येते. मागायची तर ती मागा. नोकरीला वेळेवर पोचायचं असलेला माणूस सरासरी वेळ बघून घरातून निघत नाही. वाईट दिवशी किती लागतील ते बघून निघतो. एक्स्प्रेसची आखणीही त्याच वेळेवर करावी लागते. रस्ता, थांबे, बसची संख्या हे सगळं त्यातून निघतं. आधी नकाशावर रेघ मारली, की पुढचं प्रत्येक गणित त्या रेघेला शोभेल असं वळवलं जातं. वेळापत्रकाच्या टेबलावर बसून हा प्रकार मी भरपूर पाहिला आहे.

सगळ्यांची भिस्त थांबे कमी करण्यावर असते, म्हणून त्याचा हिशेब पहिल्यांदा. हडपसर गाडीतळ ते माण फेज तीन (हिंजवडी आयटी पार्कचं शेवटचं टोक) हे अंतर तीसेक किलोमीटर आणि साध्या बसचे थांबे साठ असं धरू. एक्स्प्रेसला सोळा ठेवले म्हणजे चव्वेचाळीस गाळले. पण साधी बस तरी प्रत्येक थांब्यावर कुठे थांबते? कोणी उतरणारं नसेल आणि हात करणारं नसेल तर चालक पुढे काढतोच. म्हणजे खरं थांबणं वाचलं ते तीसेक ठिकाणी. वेग कमी करणं, दार उघडणं, पुन्हा वेग घेणं यात प्रत्येक ठिकाणी अर्धा मिनिट धरला तर पंधरा मिनिटं झाली. आता उलट बाजू बघा. गाळलेल्या थांब्यांवरचे लोक चालत किंवा रिक्षाने राहिलेल्या सोळा थांब्यांवर येतात, तिथली चढउतार वाढते आणि प्रत्येक थांब्यावर दहा-पंधरा सेकंद जादा जातात. त्यात तीन-चार मिनिटं परत गेली. हाती राहिली अकरा-बारा मिनिटं. साधी बस दर दहा मिनिटांनी असेल आणि तुमची एक्स्प्रेस दर अर्ध्या तासाने, तर थांब्यावर उभं राहण्यातच ती संपली.

म्हणून बस किती वेळाने आहे हा प्रश्न थांब्यांच्या बरोबरीचा आहे. लंडनमध्ये वेस्ट क्रॉयडन ते हीथ्रो विमानतळ अशी एक्स२६ नावाची लांब पल्ल्याची एक्स्प्रेस बस होती. २०२३ साली तिला सुपरलूप या एक्स्प्रेस बसच्या योजनेत घेऊन एसएल७ हा नवा क्रमांक दिला आणि अर्ध्या तासाची बस पाव तासावर आणली. मोठा बदल केला तो बसच्या संख्येत. मुंबईत बेस्टच्या मर्यादित बसचा लाल अक्षरांतला क्रमांक पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या डोळ्यांत बसला. लाल आकडा लांबून दिसला की ही मधे थांबणार नाही हे कळतं, आणि चुकीचा माणूस चढून वाहकाशी हुज्जत घालत नाही. तुमच्याही बसला वेगळा रंग, वेगळी पाटी, निदान क्रमांकात वेगळं अक्षर मागा. काम किरकोळ आहे, पण पहिल्या महिन्यातली निम्मी भांडणं त्याने टळतात.

थांबे गाळून दहा मिनिटं वाचतात, मग दोन तासांचा दीड तास कसा होतो? बाकीचा वेळ चौकांमध्ये आणि स्टँडवर जातो, तिथूनच तो काढायचा.

सोलापूर रस्त्यावर फातिमानगरसारख्या मोठ्या चौकाजवळ सकाळी साडेआठला एक तास उभे राहा. थांबा सिग्नलच्या अलीकडे असेल तिथे काय होतं बघा. बस येते तेव्हा सिग्नल हिरवा असतो. बस थांबते, सातआठ जण चढतात, वाहक घंटी मारतो, दार मिटतं, आणि तेवढ्यात लाल लागतो. मग बस दीड मिनिट नुसतीच उभी. तिच्यामागून आलेली दुसरी बस थांब्यापर्यंत पोचू शकत नाही, म्हणून तिचे प्रवासी रस्त्याच्या मधोमध उतरतात. सिग्नल सुटल्यावर पहिली बस निघते, दुसरी थांब्यावर येते, आणि हाच प्रकार पुन्हा. हाच थांबा चौक ओलांडून पलीकडे पन्नास-साठ मीटरवर असता, तर बस हिरव्यात चौक पार करून निवांत थांबली असती. एक्स्प्रेसच्या सोळा थांब्यांपैकी जितके चौकाच्या पलीकडे नेता येतील तितके न्यावेत. मी तर थांब्यांची संख्या नंतर मोजतो, जागा आधी बघतो.

दुसरी गळती स्टँडची. पुणे स्टेशनच्या स्टँडमध्ये आत जायचं, रिक्षा आणि उलटी लागलेली बस यांमधून वाट काढायची, वळसा घेऊन बाहेर यायचं, यात चार-सहा मिनिटं सहज जातात. आरपार जाणाऱ्या एक्स्प्रेसने कुठल्याही स्टँडच्या आत शिरू नये. बाहेरच्या रस्त्यावर थांबा द्यावा, प्रवाशांना शंभर पावलं चालू द्यावं. यावर ज्येष्ठ नागरिकांच्या तक्रारी येतात आणि त्या खऱ्याही असतात. त्यांच्यासाठी आत जाणारी साधी बस राहतेच.

आता रस्ता. हडपसरहून हिंजवडीला जायचे तीन ढोबळ पर्याय आहेत आणि तिन्हींना आपापले वकील आहेत.

बहुतेकांना भुरळ घालतो तो बायपास. उंड्री, खडी मशीन चौक, कात्रज, तिथून नवले पूल, वारजे, चांदणी चौक, बाणेर, बालेवाडी, वाकड. चांदणी चौकाचं काम ऑगस्ट २०२३ मध्ये खुलं झाल्यापासून हा आग्रह वाढला. चारचाकीवाल्याला हा रस्ता रविवारी सकाळी फार सोपा वाटतो. बसचं तसं नाही. अंतर चाळीस किलोमीटरच्या घरात जातं. कात्रज-कोंढवा रस्त्याची अवस्था तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. आणि महामार्गावर धावणाऱ्या बसला थांबायचं असेल तर सेवा रस्त्यावर उतरावं लागतं, तिथली कोंडी सोसावी लागते, मग पुन्हा वर चढायचं. वारजे, बावधन, बाणेर इतके तीनच थांबे दिले तरी महामार्गाचा फायदा संपला. थांबे न दिले तर कात्रज ते वाकड बसमध्ये नवा माणूस चढत नाही. शिवाय नवले पुलाजवळच्या उतारावरचे अपघात. तिथे एक मोठा अपघात झाला की महामार्ग तास-तास तुंबतो आणि बस अडकली तर बाहेर पडायला आडरस्ता नाही. सरासरी चांगली आणि वाईट दिवस फारच वाईट, असा हा रस्ता आहे. कात्रज ते हिंजवडी अशा वेगळ्या बससाठी तो चांगला. हडपसरसाठी मी नाही म्हणेन.

दुसरा पर्याय मगरपट्टा, मुंढवा, कोरेगाव पार्क, संगमवाडी, खडकी, बोपोडी, औंध. नकाशावर सुटसुटीत दिसतो. मुंढव्यातला ताडीगुत्ता चौक सकाळी नऊला बघितला की उत्साह मावळतो. तो चौक सुधारला तर या मार्गाचा पुन्हा विचार करावा.

तिसरा, शहरातून सरळ: गाडीतळ, मगरपट्टा कॉर्नर, रामटेकडी, फातिमानगर, पूलगेट, पुणे स्टेशन, संचेती, शिवाजीनगर, विद्यापीठ चौक, औंध, सांगवी फाटा, जगताप डेअरी, डांगे चौक, भूमकर चौक, हिंजवडी, माण. गर्दीचा, सिग्नलांचा, आणि तरीही माझं मत यालाच. कारण या रस्त्यावर जागोजागी माणसं उतरतात आणि चढतात. पुणे स्टेशनला अर्धी बस रिकामी होते आणि पुन्हा भरते. शिवाजीनगरला तेच. एखादा चौक तुंबला तर वळवायला पर्यायी रस्ते आहेत. आणि सांगवी फाट्यापासून डांगे चौकापर्यंत बीआरटीची, म्हणजे फक्त बससाठी राखलेली, स्वतंत्र मार्गिका मिळते.

मात्र इथे एक मेख आहे, ती अर्ज करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. बीआरटीचे थांबे रस्त्याच्या मधोमध आहेत, तिथे प्रवासी उजव्या दाराने चढतात-उतरतात. दोन्ही बाजूंना दारं असलेली आणि फलाटाच्या उंचीशी जुळणारी मोठी बसच तिथे चालते. म्हणजे कोणती बस मिळणार यावर मार्ग ठरतो. नऊ मीटरची, एकाच बाजूला दार असलेली बस हाती आली, तर बीआरटीचा फायदा सोडून बाजूच्या गर्दीतून जावं लागेल. दुसरी अडचण बीआरटीच्या आतली. दोन्हीकडे कठडे आणि मार्गिका एकच. पुढे साधी बस थांब्यावर उभी असेल तर मागची एक्स्प्रेस काय करणार? थांब्याजवळ ओलांडून जायला जादा मार्गिका नसेल तर तीही उभीच राहणार. अशा टप्प्यात एक्स्प्रेस फक्त पाटीवर असते. उपाय वेळापत्रकात करायचा: साध्या बसच्या मागोमाग एक्स्प्रेस सोडायची नाही, तिच्या पुढे तीन-चार मिनिटं सोडायची. हे सांगवी फाट्याला जुळण्यासाठी गाडीतळाच्या निघण्याच्या वेळा मागे मोजत याव्या लागतात.

पुण्याने याचा पहिला धडा कात्रज-स्वारगेट-हडपसर या पट्ट्यावर घेतला, डिसेंबर २००६ मध्ये. देशातली बीआरटीची ती सुरुवातीची चाचणी. मार्गिका जिथे सलग होती तिथे बस पळाली. जिथे चौकाशी येऊन मार्गिका संपायची, तिथे वाचलेली मिनिटं सगळ्या वाहनांच्या गर्दीत पुन्हा खर्च व्हायची.

विद्यापीठ चौकाबद्दल एवढंच सांगतो की जुन्या वेळा वापरू नका. २०२० साली तिथले पूल पाडले, मग मेट्रोचं काम, मग नवा दुमजली पूल. त्या पट्ट्यात बसला लागणारा वेळ काही महिन्यांनी बदलत आला आहे. तिथली ताजी मोजणी नसेल तर पूर्ण वेळापत्रक कागदावरच राहील.

आता बसची संख्या. हे गणित तुम्ही स्वतः करू शकता आणि अर्जात ते असेल तर वाचणारा अधिकारी सरळ बसतो. गर्दीच्या वेळच्या शंभर फेऱ्यांपैकी पंच्याऐंशी जितक्या मिनिटांत पूर्ण होतात, ती धावण्याची वेळ धरायची. सरासरी धरायची नाही. समजा ती ११० मिनिटं आली. शेवटच्या थांब्यावर पंधरा मिनिटं, त्यात चालक-वाहकांचा चहापाणी, लघवी आणि उशीर भरून काढायची सोय. एक बाजू १२५, येऊन-जाऊन २५० मिनिटं, हे बसचं एक चक्र. दर पंधरा मिनिटांनी बस हवी तर २५० भागिले १५, म्हणजे सतरा बस. एखाद-दुसरी बिघडणार, दुरुस्तीला जाणार, म्हणून एकोणीस धरा. दर वीस मिनिटांनी हवी तर तेरा. अर्ध्या तासाने चालवली तर नऊ पुरतात, पण तेवढ्या वेळाने येणाऱ्या बसवर नोकरदार विसंबत नाही.

हीच धावण्याची वेळ ११० ऐवजी ९० मिनिटांवर आणली तर? चक्र २१० मिनिटांचं होतं आणि पंधरा मिनिटांच्या सेवेला चौदा बस पुरतात. तीन बस वाचल्या. चौकाच्या अलीकडचे थांबे पलीकडे नेणं, स्टँडमध्ये न शिरणं, बीआरटीत साध्या बसच्या मागे न अडकणं, याची किंमत आगाराला अशी मोजता येते. या मार्गावर चक्रातली पंधरा मिनिटं म्हणजे एक अख्खी बस.

ड्युटीचा हिशेब तर आणखी बोलका आहे. मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ चा, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. जुन्या कायद्यात दिवसाचं काम आठ तास, आणि पाच तासांनंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती होती; हिशेब त्यावरच करू. २५० मिनिटांच्या दोन फेऱ्या म्हणजे आठ तास वीस मिनिटं. त्यात सुरुवातीला आगारात हजेरी, बस तपासून घेणं, शेवटी वाहकाने रोख भरणं. म्हणजे रोज प्रत्येक जोडीला ओव्हरटाइम द्या, नाहीतर दीड फेरीवर ड्युटी तोडा. दीडवर तोडली तर बदली कर्मचारी दुसऱ्या टोकाला लागतात आणि त्यांना तिथवर नेण्या-आणण्याची व्यवस्था बघावी लागते. २१० मिनिटांच्या दोन फेऱ्या सात तासांत बसतात, विश्रांती आणि हजेरी धरून ड्युटी जेमतेम आठात मावते. एकाच मार्गावर एका बाजूला वीस मिनिटांचा फरक, आणि एक वेळापत्रक चालतं, दुसरं महिन्याभरात कोलमडतं. बाहेरून दिसतं ते इतकंच, की ‘सुरू केलेली बस गुपचूप बंद केली’.

या चौदा-पंधरा बस येणार कुठून? नव्या खरेदीची वाट बघायची नसेल तर साध्या मार्गावरूनच काढाव्या लागतात, आणि इथे सावध राहा. एखाद्या साध्या मार्गावर बारा बस आहेत, चक्र तीन तासांचं, म्हणजे दर पंधरा मिनिटांनी बस. त्यातल्या चार तुमच्या एक्स्प्रेसला दिल्या की उरलेल्या आठांवर ती साडेबावीस मिनिटांची झाली. वैदूवाडीला उभ्या असलेल्या, एक्स्प्रेस थांबणारच नाही अशा प्रवाशाने तुमच्या वेगाची किंमत मोजली. अशा वेळी त्या भागातले नगरसेवक निवेदन देतात, आणि दबावाखाली एक्स्प्रेसला एकेक थांबा वाढत जातो. सोळाचे बावीस, बावीसचे तीस. वर्षभरात ती साधी बसच होते, फक्त पाटी वेगळी. साध्या बसला हात न लावता एक्स्प्रेस द्या, असं अर्जात स्पष्ट लिहा. त्यासाठी बस कमी मिळाल्या तरी चालेल.

प्रवासी किती मिळतील हे तिकीट यंत्रावरून बरंचसं कळतं. कुठून कुठे तिकीट काढलं ते यंत्रात नोंदलेलं असतं. पण त्यात दोन भोकं आहेत. पासवाला कुठे चढला-उतरला हे तिकिटात येत नाही, आणि पुणे स्टेशनला बस बदलणारा माणूस दोन वेगवेगळे प्रवासी म्हणून मोजला जातो. नेमके हेच दोघे एक्स्प्रेसचे गिऱ्हाईक! म्हणून निदान तीन दिवस, मंगळवार ते गुरुवार, पुणे स्टेशन आणि शिवाजीनगरला उभं राहून बदलणाऱ्यांना ‘कुठून आलात, कुठे चाललात’ विचारावं लागतं. हे काम कॉलेजची मुलं चांगलं करतात. भोसरीला सीआयआरटी ही रस्ते वाहतुकीची केंद्रीय संस्था १९६७ पासून आहे. अशा मोजणीच्या पद्धती तिथे नीट शिकवल्या जातात.

या मार्गाची एक जमेची बाजू सांगायला हवी. हिंजवडी हे नोकरीचं टोक आणि हडपसर हे राहण्याचं टोक, असा तुमचा समज दिसतो. पण मगरपट्टा, फुरसुंगीकडची आयटी संकुलं, हडपसरची औद्योगिक वसाहत यांमुळे सकाळी उलट्या दिशेलाही माणूस आहे. वाकड-पिंपळे सौदागरला राहून मगरपट्ट्याला येणारे कमी नाहीत. सकाळी एका बाजूने खच्चून आणि परत रिकामी, हा बहुतेक एक्स्प्रेस मार्गांना मारणारा रोग इथे कमी आहे. स्पर्धा आहे ती कंपन्यांच्या बसची. त्या दारात सोडतात. त्यांच्याशी भिडू नका. त्यांची वेळ चुकलेला, कंत्राटी, कॅन्टीनवाला, सुरक्षारक्षक, प्रशिक्षणार्थी हा तुमचा प्रवासी. त्याची पाळी सातलाही सुरू होते, म्हणून पहिली बस साडेपाचला सुटली पाहिजे.

पैशाचंही बघू. १ जून २०२५ पासूनच्या दरांत पहिल्या पाच किलोमीटरला १० रुपये, मग तीस किलोमीटरपर्यंत दर पाचला आणखी १०. साध्या बसमध्ये एकाच आसनावर पाच-पाच किलोमीटरचे पाच प्रवासी बसले तर ५० रुपये. एक्स्प्रेसमध्ये त्याच आसनावर हडपसरहून वाकडला जाणारा एकच माणूस, पंचवीस किलोमीटरच्या आत धरला तर त्याचेही ५०. बरोबरी झाली असं वाटतं. पण जाऊन-येऊन शंभर कोण देणार? तो ७० रुपयांचा दैनिक पास काढतो. मासिक पास १,५०० रुपयांचा; महिन्याला पन्नास फेऱ्या केल्या तर फेरीला ३० पडले. लांबच्या प्रवाशाकडून किलोमीटरमागे उत्पन्न कमीच येणार. म्हणून एक्स्प्रेसला जादा भाडं लावा, अशी सूचना कोणीतरी करतंच. मी विरोधात आहे. भाडेबदलाला प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाची मंजुरी लागते, त्यात महिने जातात, आणि पास चालणार की नाही यावरून दारात वाद होतात. तोटा भरून काढायचा मार्ग दुसरा: बस लवकर परत येऊन जादा फेरी मारते. पुन्हा तीच मिनिटं.

आता थोडं तुमच्या मागणीच्या विरुद्ध बोलतो. गाडीतळापासून माणपर्यंत न बदलता जाणारे किती निघतील? अशा लांब मार्गांवर टोकापासून टोकापर्यंत जाणारे थोडे, मधल्या अंतराचे बहुसंख्य. ते मोजणीत दिसलं तर एक अखंड मार्ग करण्याऐवजी दोन करा: हडपसर ते विद्यापीठ चौक आणि पुणे स्टेशन ते माण. स्टेशन ते विद्यापीठ हा मधला पट्टा दोघांचा, म्हणजे तिथे बस दुप्पट वेळा. हिंजवडीच्या शिवाजी चौकात संध्याकाळी कोंडी झाली तर तिचा उशीर हडपसरपर्यंत पोचत नाही. चक्रं लहान, ड्युटी सोप्या. टोकापासून टोकापर्यंतच्या प्रवाशाला एकदा बदलावं लागेल, पण कुठल्या थांब्यावर बदलायचं ते त्याच्या हातात. माण ते शिवाजीनगर हा २३ स्थानकांचा मेट्रो मार्ग लक्षात घेतला तर दुसरा तुकडा पुढेमागे कमी करता येतो, पहिला तसाच राहतो. अखंड मार्ग मात्र मेट्रोला समांतर म्हणून सगळाच कापला जाण्याचा धोका.

थांब्यांच्या खांबांची गोष्ट कोणी विचारत नाही, आणि उशीर सगळा तिथे होतो. या एका मार्गावर पुणे महापालिका, पुणे कॅन्टोन्मेंट, पिंपरी-चिंचवड महापालिका आणि हिंजवडीत एमआयडीसी, असे रस्त्याचे वेगवेगळे मालक भेटतात. वाहतूक पोलीसही दोन: पुणे शहर, आणि २०१८ पासून पिंपरी-चिंचवड. थांबा पन्नास मीटर पुढे सरकवायला प्रत्येकाचं वेगळं पत्र. म्हणून सोळाही थांबे एकदम मागू नका. ज्या चार-पाच ठिकाणी सर्वांत जास्त मिनिटं जातात, तेवढेच आधी हलवून घ्या, बाकीचे आहेत त्या जागी चालू द्या.

चाचणी किमान तीन महिन्यांची हवी. पहिला महिना लोकांना बस आहे हेच कळण्यात जातो. सुरुवात गणेशोत्सवात किंवा शाळेच्या सुट्टीत करू नये, त्या दिवसांतले आकडे कशालाच लागू पडत नाहीत. आषाढी वारीत दोन्ही पालख्या पुण्याहून निघतात तो दिवस तर हडपसरला बस वळवण्याचा. माउलींची पालखी सासवडकडे, तुकोबांची लोणी काळभोरकडे, दोन्ही हडपसरवरूनच. त्या दिवशी मगरपट्ट्यापासून सुटणारी छोटी फेरी लागते, आणि ती वेळापत्रकाबरोबरच लिहून ठेवलेली बरी.

अर्जाबद्दल. पाचशे सह्यांपेक्षा एक साधा तक्ता जास्त काम करतो. तुमच्या सोसायट्यांमधून हिंजवडी, वाकड, औंध, विद्यापीठ इकडे रोज जाणाऱ्यांची यादी करा: उतरायचं ठिकाण, कामाची वेळ, परतीची वेळ, सध्या कशाने जातात. नावं नकोत. शक्य झालं तर आठवडाभर साध्या बसने जाऊन फोनमध्ये वेळा टिपा: गाडीतळ किती वाजता, पूलगेट, स्टेशन, संचेती, विद्यापीठ, जगताप डेअरी, भूमकर चौक. पाच-सहा जणांनी वेगवेगळ्या वेळी हे केलं की मिनिटं कुठे जातात ते आपोआप दिसतं. मागणी मोजकी ठेवा: सकाळी साडेपाच ते अकरा आणि दुपारी चार ते दहा, दर वीस मिनिटांनी, साध्या बसला धक्का न लावता. दुपारच्या वेळेचा हट्ट धरू नका. त्या वेळात बस धुतल्या जातात, विजेवरच्या चार्ज होतात. आणि माणच्या टोकाला बस उभी करायला जागा आणि कर्मचाऱ्यांना स्वच्छतागृह आहे का ते स्वतः जाऊन बघा, फोटो जोडा. नसेल तर एमआयडीसीला स्वतंत्र पत्र द्या आणि त्याची प्रत पीएमपीएमएलच्या अर्जाला लावा.